डावी सीट

रविवार, जून २००६, कॉव्हेंट्री

अजून हसू येतंय. दुपारी गाड्यांच्या शोच्या मैदानात आमच्या क्लबचे अध्यक्ष ब्रायन नेहमीचं रडगाणं गात होते. म्हणे आपण गेलो की या हॉट रॉड, जुन्या सांगाड्यात दणकट इंजिन बसवलेल्या आपल्या गाड्या, थेट भंगारात, आजच्या पोरांना लॅपटॉपशिवाय काही कळत नाही. तेवढ्यात माझीच गाडी धापा टाकायला लागली. आम्ही पाच म्हातारे बॉनेटखाली डोकी घालून पाच मतं देत होतो. तेव्हा मीरा, माझी बँकेतली लेक, पुढे आली. तिने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बुरेटरना.

"बाबा, मागचा जास्त हवा ओढतोय."

तिने स्क्रू जरासा फिरवला आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं.

पण ही नळीची युक्ती तिला शिकवली कुणी? मी तर नाही. हात काळे होतील म्हणून मी तिला हाकलतच आलो. गॅरेजच्या दारात होमवर्क करत बसायची, तेव्हा कान इकडेच होते तर.

निघताना तिने किल्लीसाठी काळाकुट्ट हात पुढे केला. स्वतःच्या गाडीत मी पहिल्यांदाच पॅसेंजर म्हणून डावीकडे बसलो, मांडीवर ती नळी घेऊन. घरापर्यंत माझ्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने एकदाही दाबला नाही.

खोटं कशाला लिहू? दोनदा दाबला.