चौथं कडवं ऑर्गनशिवाय

पुणे,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सुनीतीस,
दादाचा सप्रेम सलाम.

तुझा फोन येऊन गेल्याचं तुझ्या भाचीने, स्वरालीने, सांगितलं. हल्ली तुझ्या फोनची खरखर फार वाढली आहे, तेव्हा पत्रच बरं. व्हॉट्सअॅपवर तू नुसती फुलं पाठवतेस, इथे निदान वाक्यं लिहावी लागतील.

बातमी अशी, की आईला शाळेत बक्षीस मिळालेलं इंग्रजी पुस्तक माळ्यावर सापडलं. शिवणयंत्रावर बसून ती म्हणायची ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाताळची कविता त्यात आहे. मी ती मराठीत उतरवली आणि चार आवाजांसाठी चाल बांधली. चाळीस वर्षं चर्चच्या क्वायरकडून दुसऱ्यांच्या चाली बसवून घेतल्या, यंदा पहिल्यांदाच आपली. चौथ्या कडव्यात गावातल्या घंटा थांबतात आणि गव्हाणीतल्या बाळाचा श्वास ऐकू येतो. तेवढं कडवं ऑर्गनशिवाय, अगदी हळू म्हणायचं. त्यातली बायकांची खालची पट्टी, आल्टो, लिहिताना तुझाच आवाज मनात धरला होता.

पहिल्या सरावानंतर ऑर्गनवाला आमोद काहीतरी बोलायला आला आणि न बोलताच गेला. हिंजवडीहून थेट येतो बिचारा, दमत असेल.

तुझ्या गुडघ्यांनाही सलाम सांग. उत्तर लिही, फुलं नकोत.

तुझा,
दीनानाथ


मिरज,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सलाम वि. वि.

माझा फोन नवाकोरा आहे. खरखर कुठे आहे ते छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला सांगायला नको. ऐकण्याचं यंत्र कपाटात ठेवून कान सुधारत नाहीत. ते लावलं की पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते म्हणशील. वाजत असेल. पण मग ही चाल तू ऐकलीस कशी? कागदावरच ना?

दादा, क्वायरला सांगून टाक. तू शिकवलेली माणसं आहेत ती, हसणार नाहीत. नाहीच सांगणार असशील तर एवढं तरी कर, हात हलवताना डोळे मिटू नकोस. आपले बाबाही त्यावरून तुला ओरडायचे. समोर बघ, निदान तोंडं तरी दिसतील.

आईची कविता तू गाण्यात आणलीस हे वाचून मला रडू आलं. नाताळच्या फराळातल्या करंज्या वेगळ्या पाठवते आहे. स्वरालीला पापा.

तुझी,
सुनीती


पुणे,
२७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं. बाबा शेजारी बसलेले असतात, त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची मला लाज वाटते. म्हणून लिहिते आहे.

चाल खरंच सुंदर आहे गं. फक्त चौथ्या कडव्यात आल्टो आणि वरचा सोप्रानो इतके खेटून लिहिले गेले होते की कानाला टोचायचं. बाबांना सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. शेवटी मी आणि आमोदने ते सूर गुपचूप बदलले, नवी पानं वाटली, आणि सरावात सगळे तेच म्हणायला लागले. बाबांना पत्ता नव्हता. आमचं वाईट वाटणंही हळूहळू कमी झालं होतं.

नाताळच्या सकाळी बाबा आले ते हातात पाकिटं घेऊन. प्रत्येकासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वरलिपी उतरवून काढली होती, वर नाव, खाली लाल शाईत तारा. चौदा प्रती! त्यांच्यासमोर ती बाजूला कशी ठेवणार? सगळ्यांनी तीच उघडली. तीन कडवी ऑर्गनने सांभाळली. चौथ्याला अर्धे जण पानावरचं म्हणायला लागले, अर्धे पाठ केलेलं. पहिल्याच ओळीत असा गोंधळ झाला की एकेक करून सगळे थांबले.

बाबा थांबले नाहीत. डोळे मिटून त्यांनी अख्खं कडवं हाताने पुरं केलं.  आम्ही चौदा जण नुसते उभे होतो. नंतर दोन आजी येऊन म्हणाल्या, बाळाच्या श्वासासाठी गाणं थांबवलंत, छान केलंत.

मी काय करू, आत्या? सांगितलं तर त्यांचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर माझं?

तुझी,
स्वराली


मिरज,
२ जानेवारी २०२५

ती. दादास,
नव्या वर्षाचा सलाम वि. वि.

गाणं छान झाल्याचं कळलं. चौथं कडवं विशेष. इथे थंडी आहे, गुडघे बोलतात. करंज्या मोडल्या नव्हत्या ना? तब्येतीला जप. जास्त काही सुचत नाही.

तुझी,
सुनीती


पुणे,
८ जानेवारी २०२५

चि. सुनीतीस,
दादाचा सलाम.

नर्सबाई, तुम्हाला खोटं कधीच जमलं नाही. 'दुखणार नाही' म्हणायचीस आणि पेशंट आधीच ओरडायचा.

तू बजावलं होतंस म्हणून मी दुसऱ्या ओळीला डोळे उघडले. एकाचंही तोंड हलत नव्हतं. स्वराली माझ्या हाताकडे बघत रडत होती. हात खाली घेतला असता तर साऱ्या चर्चसमोर त्या पोरांची चूक ठरली असती. म्हणून पुन्हा डोळे मिटले आणि कडवं पुरं केलं. दुसरं काय करणार होतो? माझ्या डोक्यात तुझा आल्टो चालू होता. तोही चुकीचाच, मी लिहिलेला.

नंतर ऑर्गनवर चौथ्या कडव्याची तिच्या अक्षरातली पानं सापडली. कागदावरचं मला अजून कळतं. तिचे सूर बरोबर आहेत.

घरी आल्यावर ती म्हणाली, बाबा, छान झालं. मी म्हणालो, हो, हळू म्हटलंत. तेव्हापासून रोज चहाला समोरासमोर बसतो आणि दोघंही बिस्किटांबद्दल बोलतो. तू तिला काही कळवू नकोस.

काल कपाटातून यंत्र काढून लावलं. ती ओट्याशी उभी राहून चौथं कडवं म्हणत होती, तिने दुरुस्त केलेलंच असणार. शब्द ओठांवरून ओळखले. मला पत्र्याचा डबाच ऐकू आला. संपेपर्यंत बसून राहिलो.

आहे तेवढी माया असू दे.

तुझा,
दादा