जेवलीस का, विचारणारं भूत

सोमवार, ३ तारीख

माझा आवाज भुताचा आहे म्हणे! कोण म्हणालं? परकं कुणी नाही, पोटच्या पोराची पोर. अर्धा तास बाथरूममध्ये. मी बाहेरून नुसतं विचारलं, "मेलीस का आत?" तर केस पुसत बाहेर येऊन म्हणते, "आजी, असंच बोल! अगदी असंच. हाच आवाज शोधतेय मी महिनाभर."

ठमीला नोकरी लागलीय भुतांचे सिनेमे खपवायची. काढायची नाही, खपवायची. सध्या तात्पुरती आहे. हे काम अंगाशी न येता पार पडलं तर कायम करतील. म्हणून आता आजी आठवली.

आवाजाचं मला नवीन नाही. नऊ वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण तेच म्हणाली. दवाखान्याच्या जिन्यात, चार लोकांदेखत. "ताई, तुझा आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. पुन्हा फोन करू नकोस." नाही केला. एकदाही नाही. मला काय, येत नाही गप्प बसायला?

मंगळवार, ४ तारीख

ठमीनं बेत सांगितला. पोस्टरवर बंद दाराचं चित्र आणि खाली फोन नंबर — बस. नंबर लावला की भूत बोलणार. म्हणजे मी! मग यंत्र दहा सेकंद गप्प. तेवढ्यात ऐकणारा जे काही किंचाळेल ते साठवून ठेवणार. (तसं पोस्टरवर बारीक अक्षरात लिहिणार आहेत. वाचतो कोण!) त्यातल्या चांगल्या किंचाळ्या पुढच्या जाहिरातीत.

"एवढा खटाटोप कुणासाठी?"

"पंधरा ते पंचवीस वयाची मुलं. तो आमचा प्रेक्षक."

म्हटलं, मला शिकवतेस? थेटरात चौदा वर्षं झाडू मारलाय मी. रडक्या सिनेमाला खुर्चीखाली रुमाल सापडतात, भुताच्या सिनेमाला चपला. पाय वर घेऊन बसतात ना! खेळ सुटला की सगळे ओणवे होऊन एकमेकांच्या चपला चाचपतात. पॉपकॉर्न पोटात कमी आणि जमिनीवर जास्त. आणि कुठला सिनेमा बघायचा ते मुली ठरवतात. पोरं मागून येतात, छाती काढून बसतात आणि पडद्यावरचं पहिलं दार करकरताच डोळे मिटतात. तेव्हा तुझ्या भुतानं मुलींशी बोलावं.

ठमीनं वहीत लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या बाईचं! मी मुद्दाम सावकाश बोलले, सगळं उतरू दे म्हणून.

शुक्रवार, ७ तारीख

गादीच्या पोटात बसवल्यासारखी खोली. भिंतींना स्पंज. काचेपलीकडे ठमी आणि तिचा दाढीवाला साहेब. कागदावर एकच ओळ — दार उघड, मी आलेय.

पहिल्यांदा मी भुतासारखं म्हटलं. ओढून, कापऱ्या आवाजात. ठमी हसून खाली बसली. दाढीवाला म्हणतो, "आजी, भूत नको. तुम्ही रोज बोलता तसं बोला."

वीस वेळा झालं. एकविसाव्या वेळी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दार उघड गं. कळतंय मला, आत आहेस. किती वेळ उभी राहू? ... जेवलीस का?"

शेवटचं तोंडातून आपोआप निघालं. दाराशी उभी राहून दुसरं काय विचारतात?

दाढीवाल्यानं हात पुढे केला. काटा आलेला! "जेवलीस का, तेच सगळ्यात भयंकर आहे. ते ठेवा."

घ्या. साठ वर्षं लोकांना जेवू घालून मिळवलं काय, तर काटा.

शनिवार, ८ तारीख

घसा बसला. घरात सगळे खूष दिसतात.

बुधवार, १२ तारीख

पोस्टरं लागली. कॉलेजच्या फाटकाशी, व्यायामशाळेच्या आरशावर, लिफ्टच्या आत. लिफ्ट बरोबर निवडली — पळून जाणार कुठे!

रेडिओवर पण माझा आवाज आणि तो नंबर लागतो, दुपारी एकला. मी म्हटलं, दुपारी एकला तुमची पंधरा-पंचवीसवाली कुठे रेडिओ ऐकतात? ती वेळ आम्हा म्हाताऱ्यांची. ठमी म्हणाली, "बाकीच्याबरोबर फुकट मिळालंय आजी, वाजू दे." वाजू दे.

समोरच्या इमारतीतली पोरगी जिन्यात भेटली. "आजी, तुमचा आवाज त्या भुतासारखा आहे हो!" म्हटलं, "तिचा माझ्यासारखा आहे."

रविवार, १६ तारीख

ठमी नाचतेय. साहेबाला वाटलं त्याच्या तिप्पट फोन आले. मला नवीन चप्पल आणली. म्हटलं, थेटरात सापडली का? — पण चांगली आहे. मऊ आहे.

सगळे बाहेर गेल्यावर मीच तो नंबर लावला. बघू तरी. ती बाई म्हणाली, "कळतंय मला, आत आहेस." मी दचकले! खरंच दचकले. इतकी कडक बोलते मी? मग दहा सेकंद. मोजले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तो जिना डोक्यातून जात नाही. धाकटीचा नवरा आत ऑपरेशनच्या टेबलावर, छाती उघडलेली. (वाचला तो.) ती दोन दिवसांची उपाशी, पायरीवर बसलेली. आणि मी काय बोलले? "मीठ तूच घातलंस ना त्याच्या ताटात, मग आता रडतेस कशाला?" खरं तेच बोलले. पण माझ्या पिशवीत तिच्यासाठी डबा होता. तो काढायचा आधी, बोलायचं नंतर. उलटं झालं. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, २० तारीख

ठमी कानात यंत्र घालून किंचाळ्या निवडत होती. मलाही ऐकवल्या. एक पोरगा आईला हाक मारतो. एक मुलगी भुताला म्हणते, "अजून नाही जेवले, परीक्षा आहे." चांगल्या घरची असेल. आणि एक बाई रोज दुपारी एकला, जाहिरात लागली की लगेच फोन करते. किंचाळत नाही, काही नाही. दहा सेकंद नुसता श्वास. हल्ली शेवटी हळूच म्हणते, "जेवले." आणि ठेवते.

ठमी हसत होती. "भुताला उत्तर देते गं! एक्केचाळीस वेळा!" चाळीसच्या वर फोन नऊ दिवसांत? तर नाही, कधी कधी दिवसाला पाच-सहा करते.

आवाज फार बारीक होता. माझा एक कान तसाही बंद. म्हटलं, हसू नकोस, एकटी असेल बिचारी.

साहेबानं सांगितलंय, जे आपले प्रेक्षक नाहीत त्यांचे नंबर आलेल्या फोनच्या यादीतून काढा. घरचे जुने फोन, म्हातारी माणसं. उद्या मी नंबर वाचायचे, ठमीनं खोडायचे. आकडे मला येतात.

शुक्रवार, २१ तारीख

तिसऱ्या पानावर तो नंबर आला. वाचायची गरजच पडली नाही, अर्ध्यातच पुढचे आकडे मी तोंडपाठ म्हटले. ठमी म्हणाली, "तुला कसा माहीत?" नऊ वर्षं लावला नाही म्हणून काय विसरते!

तो नंबर खोडायचा नाही. साहेबाला सांग, प्रेक्षक आहे.

उद्या दुपारी एक वाजायच्या आत, रेडिओच्या आधी मी फोन लावणार. तिच्या नवऱ्यानं उचलायचा नाही, सुनेनं उचलायचा नाही. तिनंच उचलायचा.