कुऱ्हाडबंदी आणि कोयता

शनिवार, संध्याकाळ. नाशिक.

हरसूलहून परतल्यापासून तो कोयता डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या प्रबंधातलं आदर्श गाव ते. गावाने स्वतःच कुऱ्हाडबंदी केली आणि जंगल राखलं, असं मी केव्हापासून लिहितेय. आज रानातून येणाऱ्या सखूबाई भेटल्या. डोक्यावर ओल्या लाकडांची मोळी, कमरेला कोयता. म्हटलं, "मावशी, बंदी आहे ना?" तर हसल्या. "बंदी कुऱ्हाडीला हाय. ह्यो कोयता हाय." मग एकदम गंभीर. "लिवू नको बरं, बाई. ठरवलं गड्यांनी, चूल आमाला पेटवायची हाय. फॉरेस्टवाल्यांना कळलं तर रानात पाय ठेवू देणार नाय."

लिहिलं तर त्यांची चूल बंद. नाही लिहिलं तर माझं प्रकरण खोटं. मार्गदर्शक सरांना ते सोमवारी हवंय, आणि गाव आदर्शच हवंय. मला तरी दुसरं काय हवं होतं?

शेवटी लिहिलं, 'गावात कुऱ्हाडबंदी काटेकोरपणे पाळली जाते.' पुन्हा पुन्हा वाचलं. एक शब्द खोटा नाही. कोयत्याचं नावच नाही त्यात.

म्हणजे सखूबाईंचीच पळवाट वापरली मी. त्यांना निदान सरपण तरी मिळालं.