बाळदेवाचं बोट

६ जानेवारी

मोडलं! बाळदेवाच्या उजव्या हाताचं बोट माझ्या हातून मोडलं.

शिंपिणीकडून त्याचा नवा अंगरखा आला होता. दोन फेब्रुवारीला तोच घालून त्याला टेकडीवरच्या देवळात न्यायचंय, म्हटलं मापाला घालून पाहू. बाही घट्ट. मी जरा ओढली. जरा! आणि टक् झालं. आशीर्वादाला वर केलेल्या दोन बोटांतलं एक माझ्या मांडीवर पडलं.

तीनशे वर्षांची बाळ येशूची लाकडी मूर्ती. यंदा माझा नवरा, फिदेन्सियो, गावचा मानकरी, म्हणून गेल्या फेब्रुवारीपासून वर्षभर बाळदेव आमच्या घरी. आणि मानकरणीनं दिवे काय लावले तर हे.

त्यात यारेलीला, माझ्या लेकीला, आठवा लागलाय. आधीची दोन पोटातच गेली तिची, तीन-तीन महिन्यांची. आणि इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ज्या घरी बाळदेवाला लागतं त्या घरच्या बाळाला तिथंच लागतं. मला नको नको ते दिसतंय. लिहीत नाही.

कुणाला सांगू? पाद्रीबाबांना सांगितलं तर ते आजच बाळदेव घेऊन जातील. फिदेन्सियोंच्या पोटात काही राहत नाही, उद्या बाजारभर होईल. म्हणून ही वही. पुढं माझी मोलेच्या रश्श्याची कृती, मागं हे पाप. सुक्या मिरच्यांच्या पोत्यात ठेवते. त्यांना शिंका येतात, हात घालायचे नाहीत.

८ जानेवारी

निवडुंगाच्या चिकानं चिकटवलं. मोडल्या जागी आधीपासूनच काहीतरी पिवळट, कडक, वाळलेलं होतं. कीड लागली असेल. म्हणून मोडलं असेल का? नाही. उगाच कीड कशाला! मीच ओढली.

संध्याकाळी फिदेन्सियो नेहमीसारखे त्याच्या हाताची पापी घ्यायला वाकले. बोट मिशीत अडकून आलं असतं तर! "बाळदेव आज गप्प गप्प दिसतोय," म्हणाले. एरवी काय गप्पा हाणतो का तो?

११ जानेवारी

बोट पुन्हा पडलं. पुन्हा चिकटवलं.

१४ जानेवारी

यारेलीला सोनोग्राफीला नेलं. जावई पुएब्लाच्या कारखान्यात, त्याला सुट्टी नाही, म्हणून मीच सोबत असते. डॉक्टरीण पोरसवदा आहे, हसरी. "फार लाजरं आहे हो तुमचं बाळ! मूठच उघडत नाही."

यारेलीचं तोंड पांढरंफटक. "आणि दुसरी मूठ?" तिनं विचारलं. मीच खेकसले, "काळीज चालतंय ना त्याचं? मुठीचं काय घेऊन बसलीस!" मोठ्यानं बोलले, म्हणजे माझा आवाज कापलेला कळू नये.

घरी येऊन भोपळ्याची फुलं आणि चीज घालून निळ्या मक्याच्या पोळ्या केल्या. तिच्या आवडीच्या. दोन घास खाऊन ताट सारलं. "तोंड पाडून बसू नकोस," मी ओरडले. "पोर तसंच रडकं निपजेल!" बाळाला काही बाधू नये म्हणून पोटावर तीन-तीन सेफ्टी पिना लावून फिरते हल्ली. एक पुरते खरं तर.

१९ जानेवारी

सकाळपासून ज्वालामुखीची राख पडतेय. पोळ्या विकायची माझी चूल झाकून ठेवावी लागली. गिऱ्हाईक नाही. आली कोण, तर चोना! पुढच्या वर्षीची मानकरीण. बसली ठाण मांडून.

"ओबदुलिया, बाळदेव नीट आहे ना गं? मी बाई एकेक वस्तू मोजून घेणार. मुकुट, जोडे, चांदीची खुर्ची..."

"घे की! बोटंसुद्धा मोजून घे!"

निघालं तोंडून. जीभ हासडून टाकावीशी वाटली. ती खो खो हसली आणि दोन पोळ्या फुकट खाऊन गेली.

२३ जानेवारी

वरच्या देवळात जायचं धाडस होत नाही. म्हणून आज खाली गेले.

फिदेन्सियो पाहुण्यांना टेकडीच्या पोटातली भुयारं दाखवतात. त्यांचा डबा द्यायच्या निमित्तानं आत शिरले. ते पुढं, पाहुण्यांना तोच तो विनोद सांगत. मी मागं राहिले, त्या मातीच्या जुन्या कट्ट्यापाशी. ही टेकडी ज्यांनी विटांवर विटा रचून बांधली त्यांचे देव अजून इथं असतील तर असतील. मूठभर मका ठेवला, कोकोच्या चार बिया ठेवल्या. म्हटलं, वरच्याचं बोट मी मोडलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही तरी ऐका. माझं काय वाटेल ते करा. बाळाला हात लावू नका.

कोनाड्यात कुणीतरी पत्र्याचा एवढासा हात टांगलेला. नवसाचा. नवाकोरा, चकचकीत. कुणा बिचारीचा हात दुखत असेल.

आणि दिवे गेले! सगळे. डोळ्यांपुढचा हात दिसेना. पुढं पाहुण्यांतली एक बाई किंचाळली. वाटलं, हे उत्तर. दोनच मिनिटं, पण मी भिंतीला धरून धरून नखं मोडून घेतली. बाहेर आल्यावर फिदेन्सियो म्हणतात, "अगं, भूत पाहिल्यासारखी काय करतेस? वीज गेली होती." गरोदर बाईनं आत जाऊ नये म्हणतात ते उगाच नाही. आतला वारा वाईट.

२९ जानेवारी

"अंगरखा मी घालते त्याला, आई. तू नको," यारेली म्हणाली आणि बाळदेवाकडं हात नेला.

"हात लावू नकोस!"

किती जोरात ओरडले मी! तिनंही सोडला नाही. दोघींच्या ओढाओढीत बाळदेव. मग एकदम सोडून रडायला लागली. जवळ घ्यायचं सोडून मी आधी बोट पाहिलं. जागेवर होतं. असली कसली आई मी!

तिला दिसलं असेल का?

२ फेब्रुवारी, दुपार, दवाखान्याच्या बाकावर

वही पिशवीत कधी टाकली आठवत नाही. मिरचीचा वास येतोय.

सकाळी निघायच्या वेळीच तिला कळा सुरू झाल्या. दारात वाजंत्री, अंगणात मक्याचे तमाले उकडायची पातेली, ताटात फुलांवर बाळदेव. तीन आठवडे लवकर! मी ताट खाली ठेवायला लागले तर ती पलंगाची कड धरून ओरडली, "आई, तू वर जा! त्याचा हात सांभाळ!" कळांमध्ये माणूस काहीही बोलतं. शेजारणीनं तिला दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं. फिदेन्सियो म्हणाले, "मानकरणीला मागं वळता येत नाही. चल."

चालले. पायथ्यापर्यंत चालले. वर देऊळ दिसत होतं आणि मला एकच दिसत होतं, बंद मूठ. मग थांबले. ताट चोनाच्या हातात दिलं. सगळं गाव पाहत होतं.

"चोना, बोटं मोजून घे. उजव्या हाताचं मोडलंय. मी मोडलं, माझ्या हातानं. लागायचं ते मला लागावं, पोरीला नको."

वाजंत्री थांबली. फिदेन्सियोंचं तोंड पाहवेना. चोनानं बाही वर केली, पाहिलं, खाली केली. "जा," म्हणाली. "लेकीकडं जा. वर मी नेते."

धावले. पन्नाशीची बाई, झग्याचा घोळ धरून, बाजारातून.

अजून काही सांगत नाहीत. आतून तिचा आवाज येतोय. देवा, माझं घे.

३ फेब्रुवारी

मुलगी.

यारेलीनं तिचं तोंड नंतर पाहिलं, आधी मुठी उघडल्या. पाच. पाच. मग माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "सगळ्या गावासमोर माझं पाप तू अंगावर घेतलंस, आई? तुला कधी कळलं? ऑक्टोबरात बाळदेव पडला माझ्या हातून. मी कणकेच्या खळीनं चिकटवलं होतं बोट. भुयारातला पत्र्याचा हात माझाच."

ती चार महिने, मी चार आठवडे! एका चुलीपाशी, एकाच भीतीनं. आणि मी रोज तिच्यावर ओरडत होते, तोंड पाडून का बसतेस म्हणून.