तिन्ही आकाशपाळणे आजच

सूनबाई,

तू उठायच्या आत आम्ही दोघं निघतोय. घाबरू नकोस. तुझ्या सासूला आज शहरातले तिन्ही पार्क दाखवून आणतो, हो, एकाच दिवसात. तिथले आकाशपाळणे चालवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली आणि ती मात्र डबा घेऊन फाटकापर्यंतच यायची. "आज गर्दी आहे, पुढच्या खेपेला बसवतो," असं मी दर वेळी म्हणायचो. तीही डबा देऊन परत फिरायची.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, सोमवारच्या ऑपरेशननंतरही तिला दिसेलच असं नाही. तिला मी हे बोललो नाही, पण तिने ओळखलं असावं. काल जेवता जेवता विचारलं, "अहो, अगदी वरून आपलं घर दिसतं का?" मी तरी कुठे वर गेलोय? मी जन्मभर खाली दांडा धरून उभा. म्हटलं, "चल, उद्या दोघं मिळून बघू."

तिचे थेंब आणि गोळ्या बरोबर घेतल्या आहेत. स्वयंपाक तुमच्यापुरताच कर. आमच्या चिरंजीवांना दुपारपर्यंत काही सांगू नकोस, उगाच काम सोडून मागे धावत येतील.

शेवटचा पार्क आपल्या घरामागचाच. चारच्या सुमारास तिथल्या पाळण्यात बसू. तेवढं एक काम कर, तुमची मोठी लाल चादर गच्चीवर पसरून ठेव. एवढ्या उंचावरून तिला घर ओळखू येणार नाही, पण लाल रंग अजून चटकन दिसतो.

बाबा