गंगीच्या लेकीचे डोळे

४ नोव्हें., मंगळ.
म्हशीची शेड रिकामी करायची आहे. जागामालक तिथे बिल्डिंग बांधणार. डिसेंबरअखेर मुदत. सुनील म्हणाला, "बाबा, चंद्रीला व्यापाऱ्याकडे देऊन टाका. सुरतेत, नवागामात आता म्हैस कोण पाळतं?" मी म्हटलं, तुझ्या आईच्या माहेरचं आंदण आहे, ते विकत नसतात. तो बायकोकडे बघून गुजरातीत काही बोलला. दोघं हसली.

इंदू नांदायला आली तेव्हा टेम्पोत एक पेटी, एक पाट आणि गंगी. गंगीची लेक, तिची लेक, तिची ही चंद्री. इंदू गेली, आता एवढीच उरली.

९ नोव्हें., रवि.
दगडूला फोन केला. इंदूचा धाकटा भाऊ. वाटलं होतं आढेवेढे घेईल, त्याचा चारा त्याच्याच जनावरांना पुरत नाही. तर म्हणाला, "दाजी, लई या तिले. मन्ही बहिननी लेक शे ती." घेऊनच या म्हणे, बहिणीची लेक आहे. दुसऱ्या कुणाची असती तर घेतली नसती, हेही बोलला.

दिवसभर चंद्रीला चालीवर कविता ऐकवल्या. शाळेत मास्तर छडीने टेबलावर ताल धरायचे, तसा बादलीवर. तिने कान हलवले.

१३ नोव्हें., गुरु.
कॉलेजातली जनावरांची डॉक्टरबाई गल्लीत आली होती. ठिकठिकाणच्या म्हशींचे वाण तपासतायत. टेप लावून शिंगं मोजली, शेपूट मोजली, कानातून थेंबभर रक्त. समोरच्या कमुबेनच्या म्हशीचंही. म्हणाली, "काका, ही तर अस्सल सुरती. शिंगं विळ्यासारखी, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे." मी हसलो. म्हटलं, बाई, रेडे इथले, म्हणून रूप इथलं. मूळ तापीच्या वरच्या अंगाचं, खानदेशी गावठी. तिकडे शिंगं मागे पाठीवर जातात, पट्टे नसतात.
"रक्तात आईकडून लेकीत उतरणारी एक खूण असते," ती म्हणाली, "ती रेड्याने बदलत नाही. कळवते."
कळव म्हटलं. मला काय कळायचं राहिलंय.

२२ डिसें., सोम.
डॉक्टरबाईचा फोन आला. दोनदा सांगायला लावलं.
चंद्री आणि कमुबेनची म्हैस, दोघींची आईकडची खूण एकच. "काका, एका खुणेवरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण दोघी एकाच घरच्या वाटतात."
चहा तसाच. उद्या कमुबेनला विचारतो.

२३ डिसें., मंगळ.
कमुबेनकडे गेलो. ती वाटाणे सोलत होती. विचारलं. हात थांबले.
"भाई, तमने खबर नथी? इंदुए कीधुं नहीं?"
तुम्हाला माहीत नाही, इंदूने सांगितलं नाही?

मग तिने सांगितलं. मी आईच्या दिवसांना गावी गेलो होतो ते पंधरा दिवस. गंगी व्याली, पारडी दुसऱ्या दिवशी मेली. त्याच आठवड्यात कमुबेनची म्हैस विताना गेली, तिची पारडी पोरकी; कमुबेनची आत्ताची म्हैस तिच्याच थोरल्या लेकीच्या वंशातली. गंगी दूध सोडेना. दोघींनी मेलेल्या पारडीचं कातडं या जित्या पारडीच्या पाठीवर बांधलं. गंगीने हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला. गंगी पुढे रेडेच व्याली. म्हणजे गंगीचं पुढे काहीच नाही. काहीच.
"पण मला सांगायचं ना."
"तुम्ही आला अन् ओट्यावर उभं राहून गंगीच्या लेकीवर कविता म्हणाला. सगळी गल्ली ऐकत होती. इंदू म्हणे, आता कसं सांगू यांना?"

२४ डिसें., बुध.
जुनी वही काढली. तेव्हा केलेली ती कविता आहे.

गंगी आली तापीवरुनी, तापीकाठी व्याली
आईचे ते डोळे घेउन लेक घरी ही आली

चालीत चूक नाही. बाकी सगळं

इंदू ही कविता मला सणावाराला म्हणायला लावायची. पदर तोंडाला लावायची. मला वाटे, भरून आलं.

२६ डिसें., शुक्र.
दगडूला फोन केला, सांगायचंच म्हणून. तोंडातून निघालं एवढंच, "दगडू, हिची शिंगं तुमच्याकडच्यांसारखी नाहीत रे."
तो हसला. "दाजी, सुरतमा ऱ्हाईसन मन्ही बहीनबी बदली गयथी. आमले वळखूच येयेना."
त्याने दावं नवं वळलंय. त्याच्या बायकोने ओवाळायला ताट काढून ठेवलंय.
सांगितलं नाही. सांगितलं तर तो नाही म्हणेल, आणि मग व्यापारी. सुनीलकडे त्याचा नंबर तयारच आहे.

२८ डिसें., रवि.
सकाळी आठ. टेम्पो दारात. कमुबेनने चंद्रीला कुंकू लावलं, गळ्यावरून, त्या दोन पट्ट्यांवरून हात फिरवला. माझ्या कानाशी म्हणाली, "मारीये दीकरी छे. सासरे जाय छे." माझीही लेक आहे, सासरी चाललीय. कालपर्यंत मी म्हणत होतो, माहेरी.

वही पिशवीत घेतली. दगडू ओवाळून झाल्यावर म्हणेलच, दाजी, ती कविता म्हणा.

ड्रायव्हर हॉर्न देतोय. चंद्री माझ्याकडे बघतेय. डोळे अजूनही मला गंगीचेच