गोळी न घातलेला मासा

कोडियाक बेट, २१ जुलै १९९४

चि. मत्वेयला फियोदोसियाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे दाजी जाऊन आज पंधरा दिवस झाले. तू सरकारी कचेरीत दिलेल्या जबाबाची नक्कल आली. खलाशी निकिफोरने, म्हणजे यांनी, बंदुकीची गोळी न घालताच मासा नावेत ओढला, असं त्यात आहे. दुकानात लोक म्हणतात, बिचारा थकला होता, विसरला असेल. हे विसरतील? मी फ्रीजरमधला हॅलिबट काढला तरी हे ओरडायचे, अगं, मेलाय ना बघ आधी! मोठा हॅलिबट जिवंत नावेत घेऊ नये, शेपटीने हाडं मोडतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

सासूबाई विचारतात, माझ्या लेकाने असं कसं केलं? पंधरा ऑगस्टला यांचा चाळिसावा दिवस, कबरीपाशी प्रार्थना आणि मग जेवण. सगळे जमतील. त्याआधी खरं काय ते कळव. नावेचा तांडेल तू होतास.

वेळेवर जेवत जा.
ताई

लॉजवरून, २९ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र आल्यापासून रोज मेणबत्ती लावतो, पण प्रार्थनेचे शब्द तोंडातून फुटत नाहीत.

आठवडाभर सॅमन नव्हता. लॉजवर पैसे भरून मासेमारीला आलेला पाहुणा कुरकुरत होता. त्या दुपारी त्याच्या गळाला हॅलिबट लागला, दाराच्या फळीएवढा. दाजींनी नेहमीसारखी बंदूक काढली. पाहुणा ओरडला, गोळी घालू नका, गोळी घातलेला मासा विक्रमात धरत नाहीत. दाजी हसले. म्हणाले, साहेब, विक्रम मोडेल का पाय मोडेल ते तुम्हीच ठरवा. मग मला म्हणाले, मत्वेय, सांग बाबा याला.

लॉजवाल्यांना भिंतीवर लावायला विक्रमी माशाचा फोटो हवाच होता. मी म्हणालो, दाजी, ठेवा ती बंदूक. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तांडेल तू आहेस, म्हणाले, आणि बंदूक पेटीत ठेवली.

दाजींनी आणि मी आकडे लावून मासा आत घेतला. शेपटीचा एकच तडाखा. दाजींच्या मांडीचं हाड मोडलं, आतली रक्तवाहिनी फाटली. मी पट्टा आवळून धरला होता. मदतीचं विमान पाण्यावर उतरेपर्यंत ते गेले. शेवटी म्हणाले, पाहुण्याला मागे घे, मासा अजून जिवंत आहे.

संध्याकाळी कचेरीत माझा हात खोटं लिहून गेला. तांडेलकीचा परवाना जाईल, ही भीती. आज खरा जबाब पाठवला आहे. परवाना जाईलच. चाळिसाव्याला आलो, तर चालेल का?

मत्वेय

कोडियाक बेट, ६ ऑगस्ट

चि. मत्वेय,

पत्र तीनदा वाचलं. आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला.

चाळिसाव्याला ये. कबरीपाशी उभा राहून सगळ्यांसमोर सांग. मोठ्याने सांग, सासूबाईंना कमी ऐकू येतं. नंतर पानावर बस. आमच्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही, तूही जाणार नाहीस. मी स्वतः वाढीन.

फक्त एक कर. त्या दिवशी माझ्याकडे क्षमा मागू नकोस. पाद्रीबाबांसमोर कोणी क्षमा मागितली, की देव क्षमा करील, असं म्हणावंच लागतं. मी म्हणेन. आणि त्यांच्या कबरीपाशी उभी राहून खोटं बोललेली ठरेन.

लोभ आहेच. तो वाढावा, असं आज लिहवत नाही.

फियोदोसिया